बंदरामागचा मुलूख : किंग्ज लिन

इंग्लंडचा राजा जॉन याने 1203 साली परदेशी व्यापारावर एक कर बसवला. व्यापाऱ्याच्या मालाच्या किमतीचा पंधरावा हिस्सा सरकारजमा करायचा, असा हा कर होता. पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत कोणत्या गावाने किती भरणा केला, त्याचा हिशेब आजही उपलब्ध आहे. वरचे शिलिंग आणि पेन्स सोडले तर लंडनने 836 पौंड भरले, बॉस्टनने 780, साउथॅम्प्टनने 712, लिंकनने 656 आणि लिनने 651. लंडनचे नाव पहिले असावे यात नवल नाही. नवल आहे ते पाचव्या नावाचे. नॉर्फोक परगण्याच्या पश्चिम टोकाला, वॉश नावाच्या उथळ आखाताच्या काठी वसलेले हे गाव तेव्हा जेमतेम शंभर वर्षांचे होते. रोमनांनी ते वसवले नव्हते, तिथे किल्ला नव्हता, मोठा मठ नव्हता. आज किंग्ज लिन या नावाने ओळखले जाणारे हे गाव एका शतकात देशातल्या पहिल्या पाचांत कसे जाऊन बसले? समुद्रकिनारा, राजाची कृपा आणि जर्मन व्यापाऱ्यांचा वावर ही उत्तरे नेहमी दिली जातात. तिन्हींत थोडे तथ्य आहे, पण गावाचा नऊशे वर्षांचा इतिहास सलग पाहिला की तिन्ही अपुरी पडतात. लिनचे नशीब समुद्रावर ठरले नाही. ते बंदराच्या पाठीमागे पसरलेल्या मुलखात ठरले, आणि त्या मुलखाशी गावाला जोडणाऱ्या पाण्यावर ठरले.

करयादीकडेच पुन्हा पाहू. पाचांपैकी तीन गावे एकाच वॉश आखाताशी बांधलेली आहेत. बॉस्टन विदम नदीच्या मुखाशी आहे. लिंकन तर समुद्रापासून चांगलेच आत, त्याच विदमवर आहे. तिसरे लिन, ग्रेट ऊझच्या मुखाशी. वॉश हे खलाशांना आवडावे असे आखात मुळीच नाही. भरती-ओहोटीत सरकत राहणाऱ्या वाळूच्या दांड्या, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि दर हंगामात बदलणारे प्रवाह, अशी तिथली स्थिती. उत्तम नैसर्गिक बंदर हाच निकष असता तर वॉशच्या काठी एकही श्रीमंत गाव दिसले नसते. उलट याच नॉर्फोकच्या पूर्व किनाऱ्यावर, थेट उत्तर समुद्राला भिडलेल्या यार्मथने याच कराचे पन्नास-पंचावन्न पौंडच भरले. हेरिंग माशांसाठी यार्मथ साऱ्या युरोपात प्रसिद्ध होते, पण त्याच्या नद्या नॉर्फोकच्या पूर्व भागापलीकडे जात नव्हत्या. करयादी म्हणजे व्यापाराचे अचूक माप नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. वसुली सगळीकडे सारखी झाली असेल असे नाही आणि काही बंदरांना सवलतीही होत्या. तरी बारापट फरक केवळ वसुलीच्या ढिलाईने पडत नाही.

गावाची सुरुवात मिठापासून झाली. अकराव्या शतकात इथल्या खाडीकाठी मिठाचा धंदा जोरात होता आणि त्याची पद्धत आपल्या मिठागरांहून वेगळी होती. तिथल्या उन्हावर भिस्त ठेवता येत नव्हती. भरतीने भिजलेली, खारट झालेली वरची रेती उन्हाळ्यात खरवडून गोळा करायची, खाचरात टाकून तिच्यातून पाणी झिरपू द्यायचे, आणि जे दाट खारे पाणी निघेल ते शिशाच्या पसरट भांड्यात, पीटच्या जाळावर उकळायचे. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून वाळवला की सरपण होते. मीठ काढून झाल्यावर उरलेला गाळ बाजूला टाकला जाई. वर्षानुवर्षे साठलेल्या या गाळाचे उंचवटे झाले आणि लिनचा काही भाग त्या उंचवट्यांवरच उभा राहिला. नॉर्विचचा बिशप हर्बर्ट द लोसिंगा याने 1101 च्या सुमारास इथे सेंट मार्गारेटचे चर्च स्थापन केले आणि त्याच्या शेजारी शनिवारचा बाजार सुरू झाला. गाव इतक्या वेगाने वाढले की बाराव्या शतकाच्या मध्यावर पुढच्या एका बिशपने, विल्यम टर्बने, उत्तरेला नवी वस्ती आखली. तिच्यासाठी सेंट निकोलसचे प्रार्थनागृह उभे राहिले आणि मंगळवारचा वेगळा बाजार भरू लागला. एका गावात दोन बाजारपेठा, दोन चौक, दोन देवळे, ही रचना आजही नकाशावर स्वच्छ दिसते. मंगळवारच्या बाजाराचा चौक इंग्लंडातल्या भव्य चौकांत मोजला जातो. एवढी जागा मोकळी सोडणाऱ्याला समोरून किती माल येणार याचा नीट अंदाज असला पाहिजे.

तो माल कुठून येत होता, हे समजायला फेन्स हा प्रदेश समजून घ्यावा लागतो. वॉशच्या दक्षिणेला मैलोन्‌मैल सपाट पाणथळ जमीन होती. हिवाळ्यात ती तळ्यासारखी दिसायची. तिच्यात बेटांसारखी गावे, मठ आणि चर्च होती. ईलीचे प्रचंड कॅथीड्रल अशाच एका बेटावर आहे. बाहेरच्या माणसाला हा प्रदेश अडसर वाटे, पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो आयता तयार असलेला रस्ता होता. मध्ययुगात जड माल बैलगाडीने नेणे फार महाग पडे आणि तोच माल होडीने नेला तर खर्च कितीतरी कमी येई. ऊझ नदीला केंब्रिजकडून येणारी कॅम मिळते, बरी सेंट एडमंड्सकडून येणारी लार्क मिळते, थेटफर्डकडून येणारी लिटल ऊझ मिळते, विसी मिळते. या सगळ्या नद्यांकाठचे धान्य आणि लोकर खाली उतरायचे तर उतार एकाच दिशेला होता. आणि फ्रान्सची दारू, नॉर्वेचा सुकवलेला मासा, बाल्टिकचे लाकूड, डांबर व मेण केंब्रिजच्या परगण्यात चढवायचे तर त्याच वाटेने न्यावे लागे. केंब्रिजजवळची स्टरब्रिजची जत्रा ही देशातली सर्वांत मोठी जत्रा होती आणि तिथला बराचसा परदेशी माल लिनहून होड्यांनी जाई.

या मांडणीवर एक आक्षेप घेता येतो आणि तो वजनदार आहे. ग्रेट ऊझचा मुख्य प्रवाह पूर्वी लिनला येतच नव्हता. तो पश्चिमेकडे विस्बीचजवळून समुद्राला मिळे. तेराव्या शतकात त्याचा ओघ लिनकडे वळला. मग 1203-04 च्या यादीत लिन पाचवे कसे? प्रवाह वळण्याआधीच गाव श्रीमंत असेल, तर नदीने लिन घडवले हे म्हणणे कोसळते, असे कोणीही म्हणेल. पण लिटल ऊझ, विसी आणि नार या नद्या त्याआधीपासून लिनच्याच बाजूला उतरत होत्या. फेन्समधले प्रवाह एकमेकांत गुंतलेले होते, त्यामुळे पश्चिमेकडच्या पाण्यातून लिनकडे होडी आणणे शक्य होते. लिनचा पहिला मुलूख पश्चिम नॉर्फोकचा आणि तिथल्या मेंढ्यांचा व बार्लीचा होता. ऊझ वळल्यावर त्यात केंब्रिज, हंटिंग्डन आणि बेडफर्ड या परगण्यांची भर पडली. म्हणजे प्रवाह वळल्याने मूळ मुद्दा ढिला पडत नाही, उलट पक्का होतो. विस्बीचला तोच समुद्र होता, तेच आखात होते. नदीचा ओघ दुसरीकडे गेला आणि विस्बीच मागे पडले.

गावाची बांधणीही हेच सांगते. किंग स्ट्रीटवरचे कोणतेही जुने व्यापारी घर घ्या. रस्त्याच्या बाजूने ते अरुंद दिसते. कमानीतून आत गेले की दुकान किंवा कचेरी मागे टाकून आपण अंगणात येतो. अंगणाच्या एका कडेला राहण्याची जागा, दुसऱ्या कडेला कोठारांची रांग, आणि ती रांग थेट नदीपर्यंत गेलेली. एकाच मालकाच्या पट्टीत रस्ता, घर, वखार आणि धक्का. शिवाय ही पट्टी शतकागणिक लांबत गेली. नदी पश्चिमेला सरके, मागे गाळ साठे, लोक त्यात भर घालून नवा धक्का बांधत आणि जुना धक्का अंगणाखाली गाडला जाई. थोर्सबी कॉलेजच्या अंगणाखाली तेराव्या शतकातल्या धक्क्याचे अवशेष सापडले, आणि आज तिथून नदी बरीच पुढे आहे. जवळच्या क्लिफ्टन हाउसला सोळाव्या शतकातला पाच मजली विटांचा मनोरा आहे. मालक त्याच्या माथ्यावरून खाली येणारी गलबते पाही, हे सगळे सांगतात. पण त्याच माथ्यावरून दक्षिणेला नदीचे वरचे पात्रही दिसते, आणि धान्याच्या होड्या तिकडूनच येत होत्या.

आता जर्मनांकडे वळू. लिनमधली हान्झा व्यापाऱ्यांची वखार ही इंग्लंडात उरलेली त्यांची एकमेव इमारत आहे, म्हणून गावाच्या ओळखीत तिला मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. ल्यूबेक, हाम्बुर्ग, डान्झिग अशा शहरांचा हा व्यापारी संघ. इंग्लंडशी त्याचे युद्ध झाले आणि 1474 च्या उट्रेक्टच्या तहाने ते मिटले. त्या तहात लंडन आणि बॉस्टनबरोबर लिनमध्येही संघाला जागा मिळाली आणि 1475 साली ही वखार बांधली गेली. या संबंधांची खोली एका घरातूनही दिसते. लिनच्या पाच वेळा महापौर झालेल्या जॉन ब्रनमची मुलगी मार्जरी केम्प हिने सांगून लिहवलेले पुस्तक इंग्रजीतले पहिले आत्मचरित्र मानले जाते. तिच्या मुलाने डान्झिगची बायको केली होती, आणि मुलगा वारल्यावर 1433 साली मार्जरी त्या सुनेला पोचवायला समुद्रमार्गे डान्झिगला गेली. लिनच्या व्यापारी घराला बाल्टिक इतके जवळचे होते. तरीही वखारीची तारीख विसरू नये. लिन पहिल्या पाचांत जाऊन त्या वेळी पावणेतीनशे वर्षे होत आली होती. भरभराटीच्या गावात जर्मन आले. त्यांच्यामुळे भरभराट सुरू झाली नाही. संघाने ही इमारत अखेर 1751 साली विकून टाकली, तेव्हा लिनचे बंदर गजबजलेलेच होते.

राजाच्या कृपेचा दावा याहून जुना आहे. जॉनने 1204 साली लिनला सनद दिली आणि गाव स्वतंत्र नगर झाले. ऑक्टोबर 1216 मध्ये तो लिनला येऊन गेला, पुढच्या प्रवासात वॉशच्या गाळात त्याचे सामान बुडाले आणि आठवडाभरात तो वारला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा सोनेरी मुलाम्याचा, मीनाकारीचा पेला गावाने जिवापाड जपला आहे. मात्र तो 1340 च्या सुमाराचा, म्हणजे जॉनच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी घडलेला आहे. सनदेची तारीख करयादीच्या बरोबरीची आहे, ही गोष्ट इथे निर्णायक ठरते. श्रीमंत झालेल्या गावाने सनद मिळवली, असाच त्याचा अर्थ निघतो. शिवाय सनदेनंतरही गावाचा धनी बिशपच राहिला आणि गावकऱ्यांना ते सलत राहिले. 1377 साली बिशप हेन्री डिस्पेन्सर लिनला आला. दोन्ही टोकांना काळे शिंग बसवलेली एक काठी महापौरापुढे मिरवत असत. ती आपल्यापुढे धरावी, असा बिशपने हट्ट धरला. लोक चिडतील, असे महापौरांनी त्याला विनवून सांगितले, पण त्याने ऐकले नाही. मिरवणूक निघताच लोकांनी वेशी बंद केल्या आणि बाण सोडले. बिशप स्वतः जखमी झाला. एका काठीसाठी धर्माधिकाऱ्यावर शस्त्र उचलणारे हे लोक कोणाच्या कृपेवर जगत असल्यासारखे वागत नव्हते. पुढे आठव्या हेन्रीने बिशपची मालकी स्वतःकडे घेतली आणि 1537 मध्ये बिशप्स लिनचे किंग्ज लिन झाले. सत्ता बदलली, पण मालाच्या वाटा त्याच राहिल्या.

या वाटा किती टिकाऊ होत्या, हे लोकरीचा व्यापार बसला तेव्हा कळले. मध्ययुगाच्या शेवटी कच्च्या लोकरीची निर्यात घटली आणि कापडाचा व्यवहार लंडनने खेचून घेतला. बॉस्टन यातून पूर्वीच्या जागी कधीच परत आले नाही. लिन मात्र सतराव्या-अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले, आणि या वेळी माल अगदी वेगळा होता. उत्तरेकडून न्यूकॅसलचा कोळसा येई, दक्षिणेकडून पोर्तुगालची दारू येई आणि बदल्यात फेन्स व नॉर्फोकचे धान्य जाई. डॅनियल डिफोने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिनचे वर्णन करताना बंदराच्या खोलीपेक्षा गावामागच्या नद्यांवर भर दिला. सहा परगण्यांना पूर्णपणे आणि आणखी तिघांना काही अंशी लिन माल पुरवते, असे त्याने नोंदवले. होड्यांचा तो कारभार पाहण्यासारखा होता. सपाट बुडाच्या होड्या एकामागे एक जोडलेल्या असत आणि काठावरून घोडा त्यांना ओढत नेई. काठावर कुंपणे आडवी येत, म्हणून घोड्यांना ओढदोर गळ्यात असतानाच ती ओलांडायला शिकवलेले असे. काठ बदलायचा झाला तर घोड्यासाठी वेगळी छोटी होडी मागे बांधलेली असे. याच भरभराटीत व्यापारी सर जॉन टर्नरने 1683 साली नदीकाठी व्यापाऱ्यांसाठी देखणी इमारत बांधवून घेतली. तिचा शिल्पी हेन्री बेल हा स्वतः लिनचा व्यापारी आणि पुढे महापौर झालेला. खाली उघड्या कमानींत सौदे व्हायचे आणि वरच्या मजल्यावर जकात कचेरी होती. इंग्लंडातल्या छोट्या सार्वजनिक इमारतींत इतकी प्रमाणबद्ध इमारत क्वचितच सापडेल.

सर्वांत प्रचलित उत्तर मात्र लिनच्या उताराविषयीचे आहे: गाळ साठला आणि बंदर मेले. याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती लिनच्याच व्यापाऱ्यांनी दोनशे वर्षे मांडली. डच अभियंता कॉर्नेलिस व्हर्मायडन याने फेन्स कोरडे करण्याच्या योजनेत 1651 साली डेन्व्हर येथे ऊझवर दरवाजांचा बांध घातला. भरतीचे पाणी वर जायचे थांबले. लिनचे म्हणणे असे, की वर गेलेले पाणी ओहोटीला जोराने परत येते आणि पात्र धुऊन काढते. ते अडवले तर बंदर गाळाने भरेल, होड्यांची वाटही अडेल. 1713 साली तो बांध फुटला तेव्हा होडीवाले आनंदले, आणि तो चार्ल्स लॅबेलीने 1750 पर्यंत पुन्हा बांधला तेव्हा हळहळले. तक्रार खरी होती. पण तिच्यामुळे बंदर मेले का? टर्नरची 1683 ची इमारत बांध घातल्यानंतरच्या भरभराटीतली आहे. गाळ तर तेराव्या शतकातही होता. 1821 मध्ये ईओ ब्रिंकचा सरळ कालवा उघडून नदीचे मोठे वळण टाळले गेले, 1853 मध्ये मुखाशी आणखी एक कालवा झाला, आणि बंदराची वाट पूर्वी कधी नव्हती इतकी सुधारली. नेमक्या त्याच दशकात गाव ओस पडू लागले. 1851 साली लोकवस्ती सुमारे 19,000 होती, ती दहा वर्षांत 16,000 च्या आसपास आली. गाळ कमी होत असताना माणसे जात होती, तेव्हा कारण गाळात असणे शक्य नाही.

कारण 1847 साली आले होते. त्या वर्षी लिनला रेल्वे पोचली आणि त्याच सुमारास केंब्रिज, बेडफर्ड, हंटिंग्डन या सगळ्यांनाही. लिनच्या पुढाऱ्यांनी रेल्वेचे स्वागत केले होते, तिच्यात पैसेही घातले होते. बंदर आणि मुलूख आता जास्त घट्ट जोडले जातील, असा त्यांचा हिशेब होता. झाले उलटे. ज्या मुलखाला लिनशिवाय दुसरा दरवाजा नव्हता त्याला आता लंडनचा दरवाजा उघडला. डर्बीशरचा कोळसा थेट गाडीने येऊ लागला, आणि न्यूकॅसलहून समुद्रमार्गे व मग होडीने केंब्रिजला नेलेला कोळसा कोणी घेईना. होड्या बसल्या, त्यांच्याबरोबर कोठारे, दोरखंडवाले, शिडांचे कारागीर बसले. बंदराच्या तोंडाशी एक हातभर पाणीही कमी झालेले नव्हते.

पुढची पिढी यातून काय शिकली ते तिच्या कामातून दिसते. 1869 मध्ये अलेक्झांड्रा गोदी आणि 1883 मध्ये बेंटिंक गोदी बांधली, आणि दोन्हींच्या कडेपर्यंत रेल्वेचे रूळ नेले. त्यांनी नदीशी भांडत बसण्याऐवजी मुलखाकडे जाणारा नवा रस्ता बंदराच्या अंगणात आणला. जुने वर्चस्व परत आले नाही, कारण मक्तेदारी एकदा गेली की गोदी बांधून परत मिळत नाही; पण काम करणारे बंदर उरले. विसाव्या शतकात, 1962 च्या करारानंतर, लंडनची जादा वस्ती सामावून घेण्यासाठी गाव वाढवायचे ठरले आणि त्या धांदलीत मध्यवर्ती भागातली बरीच जुनी घरे पाडली गेली. ही हानी भरून निघण्यासारखी नाही. नदीकाठच्या पट्ट्या बऱ्याच अंशी वाचल्या, म्हणून वर मांडलेला पुरावा आज पायी फिरून तपासता येतो. बेंटिंक आणि अलेक्झांड्रा या गोद्यांत अजूनही जहाजे लागतात. फेन्स आणि नॉर्फोकच्या शेतांतले धान्य त्यांत भरले जाते, आणि बाल्टिककडचे लाकूड उतरवून आतल्या परगण्यांकडे मालमोटारींतून रवाना होते.